हिरव्यांना एक मत

रविवार, ६ मे

हिरव्यांना एक! अख्ख्या गावातून एक मत!

शाळेत मोजणी चालली होती, मी मागच्या बाकावर होते. दर निवडणुकीला देखरेखीसाठी शहरातून कुणीतरी वकील पाठवतात, यंदा पात्रासच्या एक बाई होत्या. पाकीट फोडायचं, कागद उंच धरायचा, पक्षाचं नाव वाचायचं – असं चाललं होतं. निळे एकोणीस. नवे डावे चौदा. लाल सहा. हिरवा एकच, आणि मेला तोही अगदी शेवटी निघाला. सगळ्यांच्या माना एकदम माझ्या भावाकडे वळल्या. थ्रासिवुलोसदादाकडे. दुसरं कोण असणार? हसणाऱ्यांत आमचा झिसिस, माझा दीर, सगळ्यांच्या पुढे. दादाने टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

एके काळी अर्धं गाव हिरवं होतं. आता त्याच्या कॉफीघरात, त्याच्याच हिरव्या खुर्च्यांवर बसून लोक नव्या डाव्यांचे गोडवे गातात.

घरी आल्यावर उरलेले कागद टेबलावर मांडले. जुनी खोड. मत द्यायला गेलं की प्रत्येक पक्षाचा एकेक कागद हातात देतात. एक पाकिटात घालायचा, बाकीचे आपल्याकडे राहतात. माझा नवरा पानोस ते तपासायचा. त्यात निळा नसला की स्वारी खूश! पानोसला जाऊन तीन वर्षं झाली. मी कुणासाठी मांडते?

सोमवार, ७ मे

झिसिस सकाळीच येऊन बसला. म्हणतो, वहिनी, हिरव्यांची सभा आता आरशासमोर भरेल. सगळे खो खो हसले. माझं कॉफीघर निळं, गिऱ्हाईक निळं, मीही हसले. कॉफी मात्र उतू गेली.

शुक्रवार, ११ मे

अथेन्समध्ये सरकार जमेना. बहुमत कुणालाच नाही. अध्यक्षांनी एकेका पुढाऱ्याला तीन-तीन दिवस दिले, जमवा म्हणाले. पहिला गेला, हात हलवत परत आला. दुसरा, तिसरा – तेच. झिसिसच्या मते हे लग्न जमण्यातलं नाही, सगळ्यांनाच नवरदेव व्हायचंय.

बुधवार, १६ मे

नाहीच जमलं. १७ जूनला पुन्हा मतदान.

रविवार, २७ मे

अर्गिरोवहिनी मागच्या दाराने आली. दादाची बायको, पण माहेरची लाल, मतही लालांनाच. नवऱ्यांच्या भांडणात आम्ही दोघींनी मागचं दार कधी बंद केलं नाही. आज बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"वन्सं, हे लारिसाला जायचं म्हणतात. लेकीकडे. कायमचं."

मी विचारलं, का?

"म्हणतात, एकट्याचा पक्ष काय चालवायचा. जूनमध्ये पुन्हा एकच मत निघालं तर कुलूप लावून निघू."

मी म्हटलं, रागात बोलतो तो, होईल शांत. वहिनी म्हणाली, रागात असते तर मी आले नसते. जेवत नाहीत. सोंगट्यांचा पट उचलून ठेवला. नव्या डाव्यांत गेलेल्या एकालाही वाकडा शब्द नाही, गुपचूप कॉफी आणून देतात.

दादा आणि वाकडा शब्द नाही!

सोमवार, ४ जून

झोप लागत नाही नीट.

माझं लग्न निळ्या घरात झालं, त्या वर्षीही निवडणूक होती. दादाने भर चौकात सांगितलं, "आता तू त्यांची." मीही तोऱ्यात म्हटलं, "बरं." त्या एका 'बरं'वर जन्म गेला. पानोसच्या मातीला आला होता, पण चर्चच्या दारातच उभा राहिला. मी पाहिलं होतं. हाक मारायला हवी होती का? कोण जाणे.

रोज सकाळी चौकातल्या चिनाराच्या पलीकडे तो हिरव्या खुर्च्या मांडतो, अलीकडे मी निळ्या. एकमेकांकडे बघायचं नाही, हा नेम. पण त्याला उशीर झाला की माझी चुळबुळ सुरू होते. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला की जिवात जीव येतो. आणि हा निघाला लारिसाला! मग मी सकाळी कान कुठे द्यायचे?

रविवार, १० जून

प्रचाराची गाडी आली, निळ्यांची. कर्णा माझ्याच दारात वाजवला. पोरांनी मला झेंडा दिला, मी तो पाणी प्यायच्या माठामागे ठेवला. दादाच्या दारात कुठली गाडी थांबली नाही. हिरव्यांची आलीच नाही.

रविवार, १७ जून, दुपारी

केलं.

पडद्यामागे गेले. निळा कागद सवयीने बोटांत आला, तो खाली ठेवला. हिरवा घडी करून पाकिटात घातला, जीभ फिरवून ते चिकटवलं. पानोस, रागावू नकोस. तुझ्या पक्षाला एक कमी पडल्याने काही अडत नाही, अठरा काय नि एकोणीस काय! दादाचं अडतं. त्याचं एक, माझं एक – दोन झाली की तो एकटा नाही. गाव बसेल शोधत दुसरा कोण म्हणून. शोधू दे.

उरलेले कागद घरी आणले नाहीत. तिथल्याच टोपलीत टाकले. बाहेर दादा रांगेत होता, वहिनीच्या मागे. माझ्याकडे बघितलं नाही. मला मात्र शाळकरी पोरीसारखं हसू येत होतं, रुमाल तोंडाला लावून चालत आले.

रविवार, १७ जून, संध्याकाळी

नवे डावे पंधरा. लाल पाच. हिरवे – एक.

मी शेवटचं पाकीट फुटेपर्यंत दुसऱ्याची वाट बघत होते. नाही निघालं. वकीलबाईंनी खोका उलटा करून दाखवला. एकच. आणि ते माझं.

निळे एकोणीस! झिसिस टाळ्या पिटत ओरडला, "बघा, आपला एकही हलला नाही!" मी तर हलले होते. मग माझ्या जागी एकोणिसावा कोण?

सगळे पुन्हा दादाकडे बघून हसत होते. दादाने आज टोपी घातली नाही. ती हातात धरून तो बाकांवरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत होता. त्याची नजर माझ्यापाशी येऊन थांबली.