तीस युरोच्या आतला चाकू

पुओलांका,
ऑगस्टचा शेवटचा मंगळवार

प्रिय हिल्का,

तुझा निरोप फोनवर आला तेव्हा मी खिळे तोलत होतो. "एस्को, चाकू पोस्टानं पाठव. तीस युरोच्या आतला, साधा, रानात चालेल असा. कुठला ते तूच ठरव. मी दुकानात येणार नाही." मी तो वाचला, खिळे पुन्हा तोलले आणि निरोप पुन्हा वाचला. रविवारी तुझी उत्तरेची बस आहे. इनारीला बहिणीच्या मासेमारीच्या तळावर पोचलीस की पहिल्या सकाळपासून चाकू हातात लागणार, तेव्हा उशीर करून चालायचं नाही. म्हणून चाकू आजच बांधून ठेवला. पण पुडक्यात हे पत्रही आहे, आणि ते लांबणार आहे. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती शेवटी विचारीन. आधी माल दाखवायचा आणि मग तोंड उघडायचं, ही माझी सवय आता या वयात सुटणार नाही.

पण त्याआधी शुक्रवारचं निस्तरू. तू आलीस ती दोन्ही हातांत ब्लूबेरीच्या बादल्या घेऊन. कॉफीच्या टेबलावर पेंटी आणि त्याची टोळी नेहमीसारखी फुकटची कॉफी आणि वेलदोड्याचे पाव झोडत बसली होती. पेंटीला पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गावाचं टपाल अजून त्याच्याच तोंडून वाटलं जातं. तू म्हणालीस, "धक्क्यावर पर्च मासे साफ करत होते, चाकू हातातून निसटला तो थेट तळ्यात. या म्यानात बसेल असा दुसरा दे." आणि कमरेकडे मान वळवलीस. तुझ्या वडिलांनी शिवलेलं ते म्यान, चामडं काळं पडलेलं, आत काही नाही. आता मला सांग, गिऱ्हाईक म्यान घेऊन आलं की दुकानदार काय करतो? हाताशी येईल तो चाकू घालून बघतो. मी जन्मभर तेच करत आलो. फक्त दरवेळी म्यान गल्ल्यावर असतं. या वेळी ते तुझ्या कमरेला होतं, तुझे हात गुंतलेले होते, आणि मी काही विचार न करता गल्ल्यावरून वाकून चाकू त्यात सरकवला.

मग पेंटीनं कप आपटला. "झालं! घातली रे घातली एस्कोनं मागणी! आणि तीही रबरी मुठीच्या चाकूनं! कंजूष तो कंजूषच!" हेलसिंकीहून आलेलं ते नवरा-बायकोचं जोडपं तंबूच्या खुंट्या निवडत होतं. ती बाई विचारायला लागली की काय झालं, काय झालं. पेंटीला तेच हवं होतं. छाती काढून सांगायला लागला, "अहो बाई, जुन्या काळी लग्नाच्या वयाची मुलगी चर्चमध्ये जाताना कमरेला रिकामं म्यान लावायची. ज्याला ती आवडली तो पोरगा आपला चाकू त्यात घालायचा. चाकू ठेवून घेतला तर होकार. दुसऱ्या दिवशी परत पाठवला तर जा आपल्या घरी! आमच्या एस्कोनं तेवढ्यासाठी म्हातारपणाची वाट बघितली." ती बाई म्हणाली, "अय्या, किती गोड!" तू बादल्या खाली ठेवल्यास, चाकू उपसून गल्ल्यावर ठेवलास आणि चालू लागलीस. पेंटी मागून ओरडला, "हिल्काबाई, निदान आजची रात्र तरी ठेवून घ्यायचा होतास!" बादल्या तशाच राहिल्या. बेरी मी गोठवून ठेवल्यात, खाल्ल्या नाहीत.

आता चाकू.

तो घोड्याच्या डोक्याचा, पितळी मुठीचा, लाल म्यानाचा पुक्को चाकू मी तुला पाठवला असता तर तू तो माझ्याच डोक्यात मारला असतास. तो लोक निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना देतात आणि हेडमास्तर तो भिंतीला लावतात. त्यानं कुणी मासा कापल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि मी बरंच काही ऐकतो. थंडीत पितळ बोटांना चिकटतं ते निराळंच.

दुसरा तो शुक्रवारचा, रबरी मुठीचा, न गंजणाऱ्या पोलादाचा. पेंटी काही म्हणो, तो वाईट नाही. आपल्याकडचे सुतार, वायरमन, होडीवाले सगळे तोच बाळगतात आणि हरवला तर रडत बसत नाहीत. पाण्यावर काम करणाऱ्याला मी डोळे मिटून तो देतो. तुझ्यासाठीही तोच बाजूला काढला होता. मग मला माझ्या फिरत्या दुकानाचे दिवस आठवले. सायकलवर सुया-दोरे विकणाऱ्या माझ्यासारख्या पोराचा आता स्वतःचा ट्रक झाला होता, आणि मी दर गुरुवारी तुमच्या वाटेवर हॉर्न वाजवत यायचो. कालेवी नव्या चाकूसाठी हटून बसला होता, निळ्या रंगाची मूठ त्याला फार आवडली होती. तू त्याच्या हातातून चाकू घेतलास, मुठीवर अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "हिच्यावर हात घसरतो. मला लाकूड लागतं, हाताला कळलं पाहिजे आपण काय धरलंय ते." कालेवी मला डोळा मारून म्हणाला, "एस्को, तू लग्न केलं नाहीस ते बरं केलंस. माझ्या घरात चाकूसुद्धा मी निवडत नाही." तुम्ही दोघं हसत बर्फावरची घसरगाडी ढकलत परत गेलात. मी आरशातून बघत होतो. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे तुला शपथेवर सांगतो. एवढंच वाटलं की या घरात बोलणं चालतं. माझ्या ट्रकमध्ये बोलणं फक्त गिऱ्हाईक आलं की व्हायचं.

तेव्हा तुझा चाकू तिसरा. बर्चची मूठ, तेल पाजलेली, वर रंग नाही, वार्निश नाही. ओल्या हातानं धर, थंडीत धर, लाकूड बोटांना चटका देत नाही. पातं तुझ्या तळहाताच्या रुंदीहून जेमतेम लांब. याहून लांब पातं रानात फक्त पर्यटक नेतात. पोलाद मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला ठोकून बसवलेलं आहे, त्यामुळे पातं ओंडक्यात रोवून वरून लाकडानं हाणलंस तरी मूठ ढिली व्हायची नाही. धारेचा उतार रुंद आणि सपाट, दगडावर टेकवला की कोन आपोआप मिळतो. तू तुझ्या त्या पायरीच्या दगडावर धार लावतेस हे मला ठाऊक आहे, तिथेही लागेल. पात्याची पाठ गोल न घासता टोकदार कडेची ठेवली आहे. काड्या भिजल्या तर ठिणगीच्या कांडीवर ती घास, जाळ होईल. साधं पोलाद आहे, गंजणार. मासा कापलास की पूस, थोडं लोणी चोळ, बाकी काही नाही. काळं पडेल ते पडू दे.

मुठीच्या पुढे बोट अडवायला काही नाही, ते तुला नवीन नाही. हेलसिंकीचा तो माणूस मात्र घाबरला होता. म्हणाला, "पण बोट पुढे घसरलं तर?" पेंटी म्हणाला, "एकदा घसरतं. पुढच्या वेळी घसरत नाही." त्यानं शेवटी घोड्याचं डोकंच घेतलं.

पेटीतले सगळे चाकू मी बाहेर काढून उजेडात धरले. एका साच्यातले असले तरी सारखे नसतात. एकाच्या मुठीत गाठ होती, एकाचं पातं केसभर तिरपं वाटलं. तुझ्या चाकूच्या लाकडाचे धागे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेत. तीस युरोच्या आत बसतो, माझा नफा धरून. सूट दिलेली नाही. सूट दिली असती तर तू म्हणाली असतीस, एस्को लाच देतो.

चाकूबरोबर कारखान्याचं प्लास्टिकचं म्यान येतं. दिसायला बादलीच्या तुकड्यासारखं, पण कामाला चोख. खाली भोक आहे, पाणी निथळून जातं, पट्ट्याला पटकन अडकतं. तुझ्या वडिलांच्या म्यानात हा बसतो का, ते मी करून पाहिलेलं नाही. या वेळी ते काम माझं नाही.

कालेवी गेला त्याच्या पुढच्या गुरुवारी मी हॉर्न वाजवावा की नाही या विचारात तुमच्या वाटेवर ट्रक उभा करून बसलो होतो. तू आपणहून आलीस. यीस्ट घेतलंस, वातीची गुंडाळी घेतलीस, पाव दाबून पाहिलास आणि म्हणालीस, "कालचा आहे." मी म्हटलं, "आजचा आहे, हिल्का." तू म्हणालीस, "एस्को, मी विधवा झालेय, आंधळी नाही." पाव कालचाच होता. त्या दिवशी मी परत जाताना मोठमोठ्यानं हसलो, एकटाच, ट्रकमध्ये. पुढे दुकान पक्कं झालं, ट्रक विकला, पण गुरुवार आला की मला अजून तुमच्या वाटेचं वळण आठवतं. आणि तू दुकानात आलीस की पेंटी माझ्याकडे बघून कप खाली ठेवतो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. शुक्रवारी माझा हात कुठे चाललाय हे मला कळलं नाही, असं मी चार दिवस सगळ्यांना सांगतो आहे. तुला तेवढं सांगणार नाही.

इनारीचं ऐकल्यापासून मला धास्ती आहे की तू तिकडेच राहशील. तुझी बहीण तुला सोडणार नाही, मी असतो तर मीही सोडलं नसतं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तिकडचं पाणी, तिकडचे मासे, तिकडची शांतता तुला हवी आहे, ती घे. म्हणून तर तिकडे टिकेल असाच चाकू निवडला. स्वस्तातला पाठवून तू लवकर परत येशील अशी तजवीज करणारा दुकानदार मी नाही. मनात येऊन गेलं, ती गोष्ट वेगळी.

आता हे पत्र का लिहिलं ते. सगळं गाव म्हणतंय की एस्कोला नकार मिळाला. पेंटी तर माझ्या पाठीवर थोपटून गेला. पण त्या सगळ्यांचे कान म्हातारे झालेत, हिल्का, माझे नाहीत. ट्रकच्या फटीतून लोकांची कुजबूज ऐकून मी धंदा उभा केला. तू दार ढकलताना, पाठ आमच्याकडे असताना, दाराच्या कडीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोललीस, "असं विचारतात का कुणाला, चार टवाळांसमोर?" मी नकार सगळ्या प्रकारचे ऐकलेत. महाग आहे म्हणून, नवऱ्याला विचारून येते म्हणून, पुढच्या गुरुवारी बघू म्हणून. पण पुडक्याच्या बांधणीला नावं ठेवणारं गिऱ्हाईक मालावर नाराज नसतं. तू विचारण्याच्या पद्धतीला हरकत घेतलीस, विचारण्याला नाही. चुकत असेन तर तसं सांग. पण चुकत नसेन, तर टवाळांशिवाय, नीट, माझ्या हातानं लिहून विचारतो. हिल्का, माझ्याशी लग्न करशील? इनारीहून केव्हाही ये, सरोवर गोठल्यावर ये, बर्फ वितळल्यावर ये. वाटलंच तर ऑक्टोबरात मी दुकान बंद करून तिकडे येतो, जाळी ओढायला. चाकू परत करायचा नाही, तो तू विकत घेतला आहेस, आणि माझ्यापायी तू रानात मोकळ्या हातानं फिरावंस असं मला वाटत नाही. नकार असेल तर प्लास्टिकच्या म्यानात घाल आणि सुखानं जा, मी या गोष्टीचा पुन्हा उच्चार करणार नाही. होकार असेल तर तो तुझ्या वडिलांच्या म्यानात तू स्वतःच्या हातानं घाल आणि शनिवारी दुपारी दुकानावरून जा. आत यायचीही गरज नाही, खिडकीसमोरून गेलीस तरी मला दिसेल. पेंटीला मी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की शनिवारी कॉफीचं यंत्र बिघडणार आहे.

तुझाच, तू म्हणशील तर,
एस्को