बाळंतिणीला वायू होऊ नये म्हणून

आत्याबाई,

तुमच्या सुनेचा नमस्कार. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका धरू नका. मामंजींना सांगा वाचून दाखवायला. तिथेही सुपारी कातरत बसले असतील, तेवढंच एक काम होईल!

लिहायला कारण असं की मला नात झाली. तुमची पणती! मनीषा बाळंतपणाला माझ्याकडे पालेगावला आलीय. पोरीचं कपाळ अगदी तुमचं, आणि दूध मिळायला जरा उशीर झाला की ओरडणंही तुमचंच. आता न्हाऊन दोघी झोपल्यात म्हणून वही घेऊन बसले. एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

चामटोलीच्या घरात मनीषा झाली तेव्हा तुम्ही माझं किती केलंत! बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या सालींची धुरी. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. "वारा लागला तर वायू होईल, जन्मभर कंबर धरून बसशील," म्हणायचात. मीही तसंच करायचं ठरवलं. उल्हासनगरला जाऊन लोखंडी शेगडी आणली. दुकानदार म्हणतो, "माई, कबाब बनाओगी क्या?" म्हटलं, "बाळंतीण है घर में!" त्याला काय कळलं देव जाणे, कोळसा मात्र चांगला दिला.

निखारे फुलवले, खिडक्या लावल्या, शेगडी पलंगाखाली सरकवणार तोच मनीषा ओरडली, "आई, आधी ती बाहेर गॅलरीत ने! विषारी वायू होईल!"

"अगं, वायू होऊ नये म्हणूनच तर शेक!"

"तो वायू नाही गं, दुसरा."

"मला नको शिकवू. वायू एकच. सांध्यात धरतो."

तिने कपाळावर हात मारून घेतला आणि उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. एमआयडीसीत ती कंपन्यांच्या धुराड्यांतला धूर तपासते ना! घरी कामाचा चकार शब्द बोलत नाही. त्या दिवशी मात्र पोर मांडीवर घेऊन शिकवणीच लावली माझी. म्हणे, कोळसा जळताना त्याला हवा पुरली तर प्राणवायूचे दोन भिडू मिळतात, आणि कोंडलं तर एकच. तो एका भिडूवाला फार वाईट. शेअर रिक्षात पिशवी ठेवून जागा अडवतात ना, तसा रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. त्याला ना वास, ना रंग.

म्हटलं, "कंपनीचा वास आला की मी खिडक्या लावून घेते, तेव्हा?"

"तो निदान नाकाला कळतो. हा कळतच नाही!"

मला काही पटेना. म्हटलं, "तू झालीस ना एवढी मोठी? त्याच शेकात होतीस. आपल्याला काहीसुद्धा झालं नाही. एकदा फक्त दृष्ट लागली होती."

"कसली दृष्ट?"

मग सांगितलं. आठवतं ना तुम्हाला? माझं डोकं फुटायला आलं, ओकारी झाली, डोळ्यांपुढे अंधार. ही माझ्या पोटाशी, ओल्या फडक्यासारखी मऊ पडलेली. तुम्ही मीठमोहऱ्या आणायला धावलात. तेवढ्यात आपली कपिली गाय दावं तोडून पळाली आणि तुम्ही मीठमोहऱ्यांची मूठ तशीच घेऊन तिच्यामागे वावरात! परत आलात तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि ही भोकाड पसरून रडत होती. मूठ उतरवायचीच राहिली होती, तरी तुम्ही आळीभर सांगितलंत, "माझ्या हाताने दृष्ट उतरली!"

मनीषाने पोरीला जवळ ओढलं. मग हळूच विचारते, "आई, आजी गाईमागे गेली तेव्हा दार कोणी लावलं?"

"कोण लावणार? उघडंच होतं."

आत्याबाई, मनीषा रडायला लागली हो. म्हणाली, "आई, ती दृष्ट नव्हती. दार लागलेलं असतं तर आपण दोघी राहिलो नसतो."

मी उठले आणि आधी शेगडी बाहेर नेली.

एक राग मात्र आहे तुमच्यावर. गॅस आणला तरी "भाकरीला चव नाही" म्हणत चुलीपुढेच बसलात. मग तो खोकला! आम्ही म्हणायचो, थंडी बाधली. मनीषा म्हणते, धुरातले बारीक कण छातीत जाऊन बसतात, बाहेर येत नाहीत. पण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का? कशाला ऐकताय! मीच ऐकलं नसतं.

आता आम्ही ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतो. मी नातीला गोधड्यांवर गोधड्या घातल्या तर घामोळं आलं. मनीषा म्हणाली, पृथ्वीचंही असंच झालंय. तो दोन भिडूंवाला वायू वर साठून गोधडी होतो, आणि आतली ऊब बाहेर जात नाही. गाई रवंथ करताना ढेकर देतात, त्यातही मिथेन म्हणून एक असतो, तोही गोधडीच. मी म्हटलं, "हे बघ, जगाचं काय ते बोल, पण कपिलीला नाव ठेवायचं नाही! तिने दावं तोडलं म्हणून तू आहेस." इतकी हसली, इतकी हसली की टाके दुखले तिचे.

आपल्या दोन्ही वेळच्या बाळंतपणात माया तीच होती, आत्याबाई. खिडकी तेवढी चुकली.

तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधी भाभींच्या सुनेचे दिवस भरलेत. काल त्यांच्या दारात कोळशाची गोणी पाहिली. मी कुठे शिकलेली, माझं कोण ऐकणार? तरी शब्द देते, उद्याच जाणार. मिथेन-बिथेन मला नीट सांगता येणार नाही. मी त्यांना कपिलीची गोष्ट सांगेन. भाभी भांडल्या तर भांडू देत, खिडकी उघडल्याशिवाय मी काही उठत नाही.

तुमची सून,
अनसूया