हायड्रॉलिक्स परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
तंत्रनिकेतन, मीरा रोड (पूर्व).

विषय : तृतीय सत्राचा हायड्रॉलिक्स विषय श्रीमती चांदणी राऊत यांच्याकडून काढून पूर्ववत माझ्याकडे देणेबाबत.
संदर्भ : आपले नवे वेळापत्रक.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी स्थापत्य विभागात अनेक वर्षे हायड्रॉलिक्स शिकवीत आलो. यंदा तो विषय नव्याने रुजू झालेल्या राऊत मॅडमना मिळाला व माझ्या वाट्याला सर्व्हेइंग आले. मला मत्सर वाटत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करतो.

१. मॅडम वर्गात बादली व बागेची नळी आणतात. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जाते, हे आमच्या भाईंदरात शेंबडे पोरही जाणते. तरी विद्यार्थी टाळ्या वाजवतात. मी याचेच समीकरण फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत असे, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. आता भिंतीपलीकडून आवाज आला की माझा सर्व्हेइंगचा वर्गही तिकडेच कान लावून बसतो.

२. चेणे येथील ओढ्यात लिंबू सोडून त्यांनी मुलांकडून प्रवाहाचा वेग मोजून घेतला. वरचे पाणी सरासरीपेक्षा जलद धावते, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणावे लागते. हे त्या विसरल्या असतील, अशी मला आशा होती. विसरल्या नाहीत.

३. ही माहिती मला त्या वर्गातील विद्यार्थी भूपेश याच्याकडून जेवताना मिळाली. तो माझा मुलगा. प्रवेशाच्या दिवशी मी त्याला बजावले होते की कॉलेजात मी बाप नाही, सर आहे. तेव्हापासून तो घरीही सर म्हणतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. मॅडमविषयी मात्र घास हातात धरून बोलतो. परवा त्याने वरणाच्या वाटीत चमचा फिरवून आईला भोवरा दाखवला. सौ. अनसूया म्हणाली, "एक दिस त्या म्याडमला जेवाला बोलवा." मी पानावरून उठलो.

४. मत्सराबाबतचे वरील वाक्य रद्द समजावे. मला मत्सर वाटतो, फार वाटतो. यंदा भूपेश माझ्या हायड्रॉलिक्सच्या वर्गात बसणार, म्हणून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व नोट्स नव्याने लिहून काढल्या. त्याने आजवर मला एकही शंका विचारलेली नाही.

संपूर्ण विषय परत देणे शक्य नसले, तरी शेवटचा पंपांचा धडा अद्याप सुरू झालेला नाही. तो तेवढा मला मिळावा. तो धडा अवघड आहे. मुलगा कुठेतरी अडेलच.

आपला आज्ञाधारक, सध्या सर्व्हेइंग शिकवणारा,
आत्माराम भोईर
दि. १८ सप्टेंबर २०२४

सोबत : पंपांच्या धड्याच्या नोट्स. (परत पाठवताना कृपया भूपेशच्या हाती देऊ नयेत.)