वाघोलीला जाण्याचा फायनल निर्णय

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

मारुतीच्या देवळात सप्ताहाची बैठक झाली. सभामंडपाला यंदा रंगीत लायटिंग करायची, हे सप्ताहाचा कारभार बघणाऱ्या आप्पारावांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी म्हणालो, इतकी वर्षं समईच्या उजेडात नाम घेतलं, आता देवाला दिसेनासं झालंय का. लोक हसले. लायटिंगला नाही, मला हसले. मग माझ्या तोंडून गेलं की असंच चालणार असेल तर मी गाव सोडतो, पोराकडे, शिवशंकरकडे, पुण्याला वाघोलीला जातो.

आप्पाराव चष्मा पुसत म्हणाले, "कधी?"

'कावून' जाता, असं नाही म्हणाले. 'कधी' म्हणाले.

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्यातला पहाटे चार ते सहाचा पहारा बावीस वर्षं माझा आहे. झोप सगळ्यात जड असते तेव्हा हा सुंदरराव उभा असतो. त्याला 'कधी'.

निर्णय झाला. गाव सोडायचं. फायनल.

वनमालाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली. धक्का बसला असणार. लग्न होऊन आल्यापासून हेच घर, हीच चूल.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

समजूत काढायला अजून कोणी आलं नाही. ज्वारीची काढणी चालू आहे, लोकांना सवड नसेल.

संकल्प: कोणी आलं तरी लगेच ऐकायचं नाही. दोन चहा होऊ द्यायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार.

माझ्या गिरणीवर पाटी लावली. 'ही पिठाची गिरणी कायमची बंद होणार आहे. ग्रामस्थांनी नोंद घ्यावी.' गावात दुसरी गिरणी नाही. आता कळेल.

दुपारी शेजारची केशरबाई आली. पाटी वाचली. म्हणाली, "भावजी, मोटर इकणार का? माझ्या जावयाला पायजे." मी म्हणालो, मोटरीचं राहू द्या, तुमच्या दळणाचं काय. तर म्हणे तिच्या घरात दोन वर्षांपासून घरघंटी आहे. बऱ्याच घरांत आहे. मग माझ्याकडे का येता? "तुमाला वाईट वाटू नाई म्हणून बाजरी आणतोत की."

संताप झाला. बाजरी तशीच जाडीभरडी दळून दिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपवास. आज दिवसभर राग करायचा नाही असा संकल्प सोडला. सकाळी साडेदहापर्यंत पाळला. मग देवळापुढे वायरमन दिसला, लायटिंगचं माप घेत होता.

वनमालाने माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली. मी म्हणालो, घाई कशाला, अजून पुरतं ठरायचंय. ती म्हणाली, "तुमचं ठरू द्या. तवर मी भांडी बांधते." आवाज अगदी शांत होता. आतून किती तुटत असेल.

५ मार्च, बुधवार. वाघोली.

राहून बघावं म्हणून आलो आहोत. सहावा मजला. लिफ्टमध्ये एक बाई इंग्रजीत बोलते आणि ती दिसत नाही. दार आपणहून लागतं. मारुतिस्तोत्र म्हणत वर आलो.

पाणी टँकरचं. मी शिवशंकरला विचारलं, टँकरच बघायचा होता तर आपला आष्टी तालुका काय वाईट होता? तो म्हणाला, "अण्णा, इथं टँकर रोज येतो." हे तो अभिमानानं म्हणाला.

पहाटे हरिपाठाला बसलो, टाळ हळूच वाजवले. खालच्या मजल्यावरून फोन आला. सूनबाई दिपालीनं येऊन टाळांना टॉवेल गुंडाळला. टाळांना टॉवेल.

६ मार्च, गुरुवार. वाघोली.

सोसायटीच्या सेक्रेटरीला जाब विचारायला गेलो. तो निघाला आपल्याच भागातला, युसूफ वडगाव या गावचा. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "काका, अर्धी बिल्डिंग आपलीच हाय. समोरच्या विंगला उमापूरचे चार घरं हायती. सोमवारी आमी क्लबहाऊसमदी भजन करतोत. वीणा घ्यायला जाणतं माणूस न्हाई. तुमी या की, आमाला लई आधार होईल."

मी क्लबहाऊस बघून आलो. त्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल आहे. भजनाच्या वेळी ते घडी करून भिंतीला लावतात म्हणे. बावीस वर्षं मारुतीसमोर उभा राहिलेला माणूस टेबल टेनिसशेजारी उभा राहील? नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, जागा ठेवतो. असल्या गोड बोलण्याला मी भुलत नाही.

७ मार्च, शुक्रवार. वाघोली.

वनमालाला इथं अजिबात करमत नाही. सकाळी नातीला घेऊन खाली जाते ती जेवायलाच वर येते. बाकावरच्या बायका तिला सोडतच नाहीत. लिफ्टमध्ये उगाच वर-खाली करते. काल झोपेत हसत होती. हवा मानवली नसावी.

दिपाली पुढच्या महिन्यात परत कामाला लागणार. नातीला कोण बघणार, असं ती वनमालाला विचारत होती. मी आतच होतो, मला विचारायला हवं होतं. घरातला कर्ता मी.

निर्णय: वाघोली रद्द. गावच बरं. हे शेवटचं, यात आता बदल नाही. वनमालाला सांगितलं की तुझी सुटका झाली. ती नातीच्या वेण्या घालत होती. काही बोलली नाही. आनंदानं शब्द फुटला नसेल.

१० मार्च, सोमवार. एकादशी.

गावात परतलो. भजनाला गेलो तर माझ्या जागेवर सत्यम. मोबाईलचं दुकान आहे त्याचं, तिशीचं पोरगं. आवाज चांगला आहे, ते मी मान्य करतो, पण आवाज म्हणजे भजन नव्हे. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "काका, तुमी तर गेलताव ना वाघोलीला?" मी म्हणालो, बघायला गेलतो. आप्पाराव पेटीवर होते. पेटी न थांबवता म्हणाले, "मग बघून झालं का? कधी निघताव?"

परत कधी.

आता गेलंच पाहिजे. या माणसाच्या गावात पाणी प्यायचं नाही. घरी येऊन दोन तांबे प्यायलो, पण ते आपल्या घरचं.

वनमालाला म्हणालो, कर काय करायचं ते, मला विचारू नको. "बरं," म्हणाली.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

तिनं खरंच केलं. आष्टीच्या बजरंगचा टेम्पो ठरवला. अकरा एप्रिलला त्याची गाडी फरशी आणायला रिकामी पुण्याकडे जाणार, त्यात आपलं सामान. मी म्हणालो, अकराला सप्ताह चालू असेल. ती म्हणाली, "तुमीच म्हणलात मला विचारू नको."

दिवसभर अबोला धरला. तिच्या लक्षात आला नाही. घरात पोती-सुतळीचा पसारा.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

पहाऱ्यांची यादी लागली. पहाटे चार ते सहा: सत्यम. मी खालून वर आणि वरून खाली वाचली. मी दुपारी बारा ते दोन. चैत्रातलं ऊन, पत्र्याचा मंडप, समोर चिटपाखरू नाही. दोन ते चार स्वतः आप्पाराव.

देवळातच त्यांना विचारलं, हा काय प्रकार. ते म्हणाले, "तुमी असताव का नसताव, कुणाला ठाऊक. पहाटेला भरवशाचं माणूस लागतंय. दुपारी काय, खांबाला बांधून ठिवली तरी निभतंय." बाजूचे दोघे हसले.

बावीस वर्षांत मी एकदा चुकलेलो नाही. तापात उभा राहिलो. वडील गेले त्या वर्षी उभा राहिलो. घरी येताना डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाचं.

रात्री माळ ओढता ओढता सगळं स्पष्ट दिसलं. पांडुरंगाची योजनाच असणार. अकराला माझा पहारा दोनला संपतो, टेम्पोही दोनलाच निघणार. भरलेला टेम्पो देवळासमोरून जाईल. मी वीणा देऊन बाहेर येईन. भरलेलं सामान लोकांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांना खरं वाटत नाही. पाहिल्यावर कोणीतरी टेम्पोला आडवं येईल. आप्पाराव हात जोडतील. मी आधी दोन चहा होऊ देईन. मग म्हणेन, उतरवा सामान. वनमालाही सुटकेचा श्वास सोडेल.

पहाटेचा पहारा परत मिळेल, हे तेव्हाच कबूल करून घ्यायचं.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.

सप्ताह रंगात. लायटिंग लागली. हिरवी, लाल, निळी. मारुतीराया क्षणात हिरवे, क्षणात निळे. डोळे मिटून उभा राहिलो.

१० एप्रिल, गुरुवार.

आज मोठा बार उडवला. पहारा संपताना आप्पाराव पाया पडून वीणा घ्यायला आले. दिली. पण बाहेर येऊन चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, की ज्या माणसाला माझा भरवसा नाही त्याच्या गळ्यात उद्या माझ्या गळ्यातली वीणा जाणार नाही. उद्या हे घडायचं नाही.

आप्पारावांनी बशीतला चहा संपवला. "बरं," म्हणाले.

चेहरा उतरला होता. मला तसा दिसला.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाच.

क्रमानं लिहितो. राग बाजूला ठेवून लिहितो.

बाराला वीणा गळ्यात घेतली. वीणा गळ्यात असताना नामाशिवाय बोलायचं नाही आणि वीणा ठेवून बाहेर जायचं नाही. हा नियम मीच पोरांना शिकवला आहे.

दोन वाजले. आप्पाराव आले नाहीत. मंडपाच्या दारातून समोरची टपरी दिसते. ते तिथं बसले होते. घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय लांब केले. मी नाम मोठ्यानं घेतलं. त्यांनी मान डोलावली, नाम चांगलं चाललंय अशी.

तेवढ्यात टेम्पो आला. कपाट, पिंप, गाद्या, वर वनमालाची शिलाई मशीन. लोक टपरीवरून उठले. मला वाटलं आता आडवे येतील. त्यांनी सुटलेला दोर आवळून दिला. गाद्या भिजू नयेत म्हणून सत्यमनं दुकानातून प्लॅस्टिक आणलं. चैत्रात.

बजरंगनं हॉर्न दिला. "मामा, संध्याकाळच्या आत पोचायचंय, फरशीवाला बंद करतोय."

मग वनमाला आत आली. नवं लुगडं. वीणेला हात लावून माझ्या पाया पडली. सप्ताहात सगळेच विणेकऱ्याच्या पाया पडतात, त्यात विशेष नाही. म्हणाली, "दोनचं माणूस आलं न्हाई, तर तुमी चारलाच सुटताव. गाडी थांबत न्हाई. मी जाऊ का?"

मी जोरात मान हलवली. रामकृष्णहरी म्हणालो. थांब, असा त्याचा अर्थ होता. कोणालाही कळला असता. डोळेसुद्धा मोठे केले.

ती म्हणाली, "तसंच वाटलं मला." पदर सावरून गेली. टेम्पोत पुढं बसली, खिडकीपाशी. मागं बघितलं असेल, धुळीत दिसलं नाही.

खांब होता. खांबाला बांधून निभतं असं तेच म्हणाले होते. मी बांधली नाही.

चारपर्यंत नाम घेतलं. इतकं मोठ्यानं नाम मी आयुष्यात घेतलेलं नाही. चारला पुढच्या पहाऱ्याचा हरिओम आला, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि थेट टपरीवर गेलो. आप्पारावांना विचारलं, दोनला का आला नाहीत. ते म्हणाले, "सुंदरराव, तुमचा शब्द मी कधी मोडलाय?"

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती. दुपार.

काला झाला. सप्ताह संपला.

घर रिकामं आहे, पण पूर्ण नाही. आतल्या खोलीत माझी लोखंडी पेटी बाजूला ठेवलेली सापडली. धोतर, दोन सदरे, टाळ, हरिपाठ, एक ताट, एक तांब्या, पंधरा दिवसांचं पीठ, चटणीची बरणी. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर सुतळीच्या तीन गाठी. याच बरणीला ती धुळवडीला गाठी मारत होती. म्हणजे पेटी महिन्याभरापासून भरलेली होती. मी येणार नाही हे तिनं कधी ठरवलं, मला कळवलं नाही.

हा विश्वासघात आहे. सोमवारच्या एसटीनं वाघोलीला जाऊन तोंडावर सांगणार आहे. किंवा बुधवारी. गिरणीचं पाहून. सोमवारी तिथं भजन असतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

महाप्रसादाला आप्पाराव वाढायला होते. पत्रावळीवर बुंदी जास्त वाढली. पुढच्या सालच्या यादीत नाव धरू का, असं ते विचारतील म्हणून मी हळूहळू जेवलो. ते पुढच्या पंगतीला गेले.

आत्ता वनमालाचा फोन आला. सामान नीट पोचलं. कपाटाचं एक दार खरचटलं. नात लिफ्टचं बटण दाबायला शिकली. चटणी संपली तर केशरबाईकडे मागा, तिला सांगून ठेवलंय. मी म्हणालो, हं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला, ती विचारील म्हणून.

'कधी' हा शब्द तिनं काढला नाही.