दुसरी सही

नाशिक,
३ मार्च २०२५

चि. ज्ञानेशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोबाईलवरचे तुझे अर्धवट शब्दांतले संदेश मला वाचवत नाहीत, म्हणून पत्र. आठवडाभर सायखेड्याला येऊन राहावे, ही तुझी सूचना अव्यवहार्य आहे. रुग्णांच्या गाठींच्या चाळीसेक स्लाइड्स रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या असतात. माझी सहायक, डॉ. तृप्ती, हुशार आहे. तरी तिचा प्रत्येक अहवाल मी पुन्हा तपासते. परवा ती म्हणाली, की मॅडमचे अहवाल मात्र कोणीच तपासत नाही. उद्धट आहे.

अकरा महिन्यांत मी एकाही रविवारी सुट्टी घेतलेली नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे.

कळावे.
मोहिनी

सायखेडा,
९ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संजनाच्या साखरपुड्यात तू हातात घास धरून झोपलीस. माझी लेक हसली, पण मला घाबरायला झालं. व्याह्यांना मी सांगितलं, आमची ताई जेवताना ध्यान लावते. आता ते तुला फार मोठी साधक समजतात!

द्राक्षांची तोडणी झाली, की बागेला आम्ही पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो, मगच छाटणी. घाई केली तर फूट कमजोर निघते. तू रागावशील, तरी लिहितो: काल फोनवर तू एकच गोष्ट मला तीनदा सांगितलीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा ज्ञानेश

नाशिक,
२१ मार्च २०२५

चि. ज्ञानेशास,
आशीर्वाद.

द्राक्षवेलीची उपमा मला आवडली नाही. वेल अहवालावर सही करत नाही.

मंगळवारी मी पेठ तालुक्यातल्या पुतळाबाईंच्या स्तनातील गाठ कर्करोगाची ठरवून सही केली. पाहिली होती शेजारच्या ट्रेमधली स्लाइड. आज, शुक्रवारी, त्यांचा स्तन काढला गेला असता. तृप्तीने अहवाल अडवला आणि स्लाइडचा क्रमांक जुळत नाही म्हणत माझ्या टेबलापुढे उभी राहिली. तिने पायरी ओळखून राहावे, असे मी सर्वांसमक्ष सुनावले. ती हलली नाही. मी पुन्हा पाहिले. गाठ साधी होती. शेजारच्या ट्रेमधली ती स्लाइड ज्यांची होती, त्यांना खरोखरच आजार आहे; त्यांचे उपचार वेळेत सुरू झाले.

सव्वीस वर्षांत माझी चूक झाली नाही, असे मी सांगत आले. कोणी पाहिलेच नव्हते, एवढेच त्यातले खरे.

मी सारे वरिष्ठांना लेखी कळवले आहे. यापुढे कर्करोगाच्या प्रत्येक अहवालावर दोन सह्या असतील, माझ्याही अहवालावर. तृप्तीची क्षमा मागितली, तीही सर्वांसमक्ष. सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे.

पुतळाबाईंनाही मी स्वतः सांगितले. त्या रागावतील, असे वाटले होते. त्यांनी, बाई, तू घरी कधी जातेस, एवढेच विचारले.

सोमवारी सकाळी येते. तुझा लोभ मी आजवर गृहीत धरला. आज तो मागून घेते.

तुझी ताई