मुंगसाचं ताट

पारूअक्का,

पौडच्या बाजारात बैल बघायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. तुझं आणि दाजींचं चित्रांचं पुस्तक दिसलं. त्यातली मुंगसाची गोष्ट लहानपणी मी सांगायचो, तू भिंतीवर गेरूनं काढायचीस. आता गोष्टीखाली नाव दाजींचं. लई राग आला. पुस्तक घेतलं आणि धरणाकाठी बसून त्यांचं नाव कोळशानं खोडलं.

मग शेवटचं पान उघडलं. माझं मुंगूस कधी घरी जायचंच नाही, दाजींनी ते घरी आणलंय. तू त्याच्यापुढं ताट काढलंयस. भाकरीवर गुळाचा खडा, मला वाढायचीस तसा.

हे दाजींना सुचलं, मला नाही, म्हणून अजून जळतोय. हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतःच घेऊन येतो. जेवायला येईन तेव्हा पुस्तकात त्यांचं नाव पुन्हा लिहून आणीन.

तुझा भटक्या,
बारकू