विहीणबाईंचं सूप

सूनबाई,

तू तपासणीहून येशील तेव्हा मी प्रार्थनेला गेलेली असेन. बाळ आल्यावर पहिला आठवडा तुला चुलीपाशी उभं राहावं लागू नये, म्हणून फ्रीझरमध्ये आठ डबे भरून ठेवलेत. भाज्या घातलेला मऊ भात, मसूर आणि भोपळा. नुसते गरम करायचे.

तुझ्या आईचे सुपाचे डबे पुढे होते, ते मी मागे सरकवले. जागा नव्हती असं सांगणार होते, पण जागा होती. "मला आईच्या हातचं सूपच मानवतं," असं तू फोनवर म्हणालीस, ते माझ्या कानावर आलं.

या उपवासाच्या दिवसांत सूर्य मावळेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हा माझा नेम, त्यामुळे माझ्या डब्यांची चव मी घेतलेली नाही. मिठाचं तू बघ. आज दुपारी ते सूप मात्र चमचाभर वितळवून चाखलं. एकवीस वर्षांत नेम पहिल्यांदा मोडला, आणि तोही विहीणबाईंपायी! त्याचीच क्षमा मागायला चाललेय.

सूप चांगलं आहे. मीठही अगदी बेताचं. बाळाला घेऊन आलीस की पहिल्या दिवशी तेच घे.

दुसऱ्या दिवशी मात्र माझा भात.

तुझी इकडची आई